जावईबापूंची वाट

हरणाची जागा हेरणं म्हणजे रुसलेल्या जावयाची मनधरणी. आपण पाट मांडावा एकीकडे आणि हा बसणार भलतीकडेच. म्हणून विक्लोच्या आयरिश डोंगरातल्या त्या म्हाताऱ्या नराला मी जावईबापू म्हणायला लागले. माझ्या नवऱ्याला, हरीशला, ते नाव फार आवडलं. मी क्लोनडॉकिनला घरी परतले की तो आधी विचारायचा, "काय म्हणतात जावईबापू?" मी म्हणायचे, "आले नाहीत." मग स्वारी खुशीत कांदा चिरायला घ्यायची. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी नागपूरची, औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि माझ्याकडे बंदुकीचा रीतसर परवाना आहे. कुणाला नवल वाटत असेल तर खुशाल वाटू दे. आठवडाभर कानात मशिनं घरघरतात. ब्रीदबाई नावाच्या मालकिणीच्या डोंगरावर गेलं की ती घरघर थांबते, बस, एवढंच. बाईंनी म्हातारपणी उतारावर ओकची रोपं लावली आहेत. जावईबापू त्या रोपांवर शिंगं घासतात, साल सोलतात, रोप वाळून जातं. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "डिसेंबर संपला की नरांच्या शिकारीचा हंगाम संपतो. तोवर त्याला पाड, उल्का. नाहीतर पुढच्या वर्षी ही जमीन मी शिकारी क्लबवाल्यांना देणार." म्हणजे माझा डोंगर गेला.

सप्टेंबरात तो वरच्या कुरणात चरायचा, म्हणून मी दगडी भिंतीच्या खिंडाराशी बसले. धुकं असं की स्वतःचे बूटसुद्धा परके वाटावेत. त्या धुक्यात आधी नुसती शिंगं यायची, तळहातासारखी पसरट, आणि थोडा वेळ तरंगून विरून जायची. ऑक्टोबरात नर माजावर येतात, मोठ्या ओकखाली घोगरे ओरडतात. मी बसायची जागा तिकडे हलवली. डुलकी आणि जाग यांच्या मधोमध कुठेतरी तो आवाज ऐकत राहायचे, शेजारच्या खोलीत कुणी घोरावं तसा. नोव्हेंबरात दमलेला नर नेच्याच्या तांबूस गचपणात पडून राहतो, म्हणून मी नेच्याच्या कडेला गेले. दर वेळी तांदळाच्या पिठीची चिमूट सोडून वारा बघायचा. वारा माझ्या तोंडावर, सगळं कसं चोख. दरीतला वारा मध्येच गिरकी घेतो, मान्य आहे. पण तेवढ्याशा गिरकीत त्याला माझा पत्ता लागायचा. नाक वर करायचा आणि चालू पडायचा.

डिसेंबरात ऊन येतं त्या काटेरी झुडपांपाशी बसले होते. भुरभुर सुरू झाली म्हणून जाकिटाची कॉलर नाकापर्यंत ओढली आणि मला आमटीचा वास आला. हिंग, मोहरी, कढीपत्ता. डोंगरावर, तिथे, माझ्या कॉलरमध्ये.

घरी येऊन विचारलं, "हरीश, माझं जाकीट कुठे टांगतोस?"

"तुझ्या प्रेसमध्ये," तो म्हणाला. कपाटाला प्रेस म्हणायची इथली सवय आम्हालाही लागली आहे.

"हरीश."

त्यानं डाव खाली ठेवला. "गॅसच्या बाजूला. फोडणी देताना."

"मुद्दाम?"

"तुला डोंगर हवा होता, तो मिळत होता. मला तो प्राणी जिवंत हवा होता. दोघांचंही बरं चाललं होतं की."

माझं टाळकंच फिरलं. "जाऊ नकोस म्हणायला तोंड नव्हतं?"

"तू ऐकली असतीस?"

नसती ऐकली. पण म्हणून काय हिंगानं बोलायचं माणसानं?

हंगामाच्या शेवटच्या सकाळी मी तेच जाकीट वर भिंतीच्या खिंडाराजवळ एका फांदीला टांगलं. वास तिथल्या वाटेवर पसरेल असा वारा होता. स्वतः खाली रोपांपाशी नुसत्या स्वेटरमध्ये कुडकुडत बसले. जावईबापू उजाडताना आले. खिंडाराशी थांबले, नाक वर केलं, आणि वळले. खालच्या वाटेनं, माझ्याकडे, सावकाश. सगळीकडे इतकं शांत होतं की मला वाटलं मी झोपले आहे आणि हे स्वप्नात चाललंय. तोंडावरचे केस पांढरे झाले होते. इतक्या महिन्यांत त्याला पुरता असा मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो मला फार आवडला. मी गोळी झाडली. दमलेलं माणूस टेकावं तसा तो खाली बसला आणि उठला नाही.

ब्रीदबाई येऊन बघून गेल्या. "ग्रँड," म्हणाल्या. "सप्टेंबरात ये." मांस त्यांनाच देऊन टाकलं. गाडीत मला आनंदही झाला होता आणि रडूही येत होतं.

दार हरीशनं उघडलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जावईबापू काय म्हणतात ते विचारलं नाही. मी आंघोळ करून आले तेव्हा पान वाढलेलं होतं. पांढरा भात, वर पिवळं वरण. घरात कसलाच वास नव्हता.

हरीशच्या घरात माणूस गेलं की सुतकात स्वयंपाकाला फोडणी देत नाहीत. त्याचे आजोबा गेले तेव्हा इथेही आम्ही असंच जेवलो होतो.

मी पानावर बसले. त्यानं मीठ पुढे सरकवलं. फोडणी पुन्हा कधी, हे विचारायचा मला धीर झाला नाही.