आतडं की भरणी

"शेपटीच्या बाहेर आतडं असतं का हो, बाई?"

मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलताच सुईकाकांनी विचारलं. मागे उभ्या असलेल्या संशोधक डॉक्टरबाई हसल्या. "मरताना पोट बिघडलं असेल बिचाऱ्याचं!"

काका हसले नाहीत. संग्रहालयाच्या तळघरात तेहतीस वर्षं सुईच्या टोकानं जीवाश्मांवरचा दगड कणाकणानं खरवडणाऱ्या माणसाला दगडावरचे विनोद झेपत नाहीत. समोर पाटीसारखा काळा दगड होता आणि त्यात बोटभर लांबीचा, सांध्यासांध्यांच्या पायांचा एक किडा. खेकडे-विंचवांच्या खापरपणजोबांचा भाऊबंद, वय पन्नास कोटी वर्षं. डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध एक रेघ आणि रेघेत शिंपल्यांचा चुरा. बाईंचं म्हणणं, रेघ म्हणजे आतडं आणि चुरा म्हणजे त्याचं शेवटचं जेवण. म्हणजे हा चिखल गिळून जगणारा गरीब जीव नव्हता, शिंपले फोडून खाणारा शिकारी होता. बाईंचा शोधनिबंध छापायला गेला होता. सोमवारी पत्रकार येणार होते. निबंधात काकांचं नाव नव्हतं. नसतंच. वास्तुशांतीच्या पंगतीत गवंडी कधी दिसलाय?

काकांच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. असल्या किड्यांच्या आतड्याला दोन्ही बाजूंनी पाचक ग्रंथींचे जोडीजोडीचे फुगवटे त्यांनी पाहिले होते. इथे एकही फुगवटा नाही. वर ही रेघ शेपूट ओलांडून गव्हाच्या दाण्याएवढी दगडात घुसलेली. चुरा बाईंनीच भरला असणार. बढतीसाठी माणसं दगडालाही जेवू घालतील!

घरी बायकोनं ऐकून घेतलं आणि हात झटकले.

"तुम्हाला अख्खी दुनिया चोर. दूधवाला पाणी घालतो, जावई थापा मारतो, दातांचा डॉक्टर चांगला दात उपटतो. आता ती बाई!"

"अगं, या डोळ्यांनी बघितलंय मी."

"कोणत्या? मोतीबिंदूच्या का दुसऱ्या?"

सकाळी बाई यायच्या आत काकांनी कपाट उघडलं. कापसाचा बोळा गोंद विरघळवणाऱ्या ॲसिटोनमध्ये भिजवून रेघेच्या शेवटच्या टोकावर ठेवला. थोड्या वेळानं सुई टेकवली. दगड दबत नाही. हा दबला. लोण्यासारखा दबला.

"सापडली चोरी!" काका मोठ्यानं म्हणाले. कितीतरी वर्षांत कामावर इतका आनंद झाला नव्हता. गोंदात कालवलेला चुरा! त्यांनी तो आणखी जरा उकरला. खाली निघाली साधी भेग, आणि भेगेच्या काठाला जुने ओरखडे.

ओरखडे उलट्या बाजूला कलले होते.

तळघरात डावखुरा माणूस एकच झाला. काकांनी सुई धरलेल्या आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली.

भेग दिसली तर हात कच्चा, असं त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं. त्याच दगडाची भुकटी गोंदात कालवायची, भेगेत दाबायची, वरून असं घासायचं की ब्रह्मदेवाला कळू नये. भुकटी त्याच थरातली, त्या थरात शिंपले खच्चून. म्हणून तर बाईंच्या तपासणीत सगळं जुळलं. जुळणारच. तेव्हा दगड काचेआड मांडायचे असत, त्यांचं पोट कोण तपासणार? नोंद ठेवायला कुणी सांगितलं नाही, आणि हा दगड आपणच भरलाय हे ते कधीच विसरले होते. कारागिरानं लिहावं असा कागदच तिथे नव्हता.

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. बोललं तर एकच दगड जाणार नव्हता, तेहतीस वर्षांचे सगळे दगड जाणार होते.

बाई आल्या. पर्स टेबलावर टेकायच्या आत काका बोलले, "बाई, ते आतडं नाही. माझी भरणी आहे."

बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "निबंधात नाव नाही म्हणून का, काका?"

"म्हणजे?"

"घालते ना नाव. आज पत्र पाठवते. पण असं काहीतरी बोलू नका."

"घालायचंच तर या चुकीवर घाला."

काकांनी बोळा ठेवला, वाट पाहिली, सुई टेकवली. बाईंनी वाकून बघितलं आणि तशाच खुर्चीत बसल्या.

"काल का नाही बोललात?"

"काल मला वाटत होतं, चोर तुम्ही आहात."

बाईंनी फोन करून निबंध मागे घेतला. चार वर्षांचं काम चार वाक्यांत संपलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मग मागच्या कपाटांकडे मान करून म्हणाल्या, "यात अजून किती?"

"आठवतील तेवढे सांगतो."

"आठवणीवर नाही चालणार आता."

त्यांनी पहिला खण ओढला. काकांच्या जागेवर स्वतः बसल्या, ॲसिटोनची बाटली स्वतःकडे घेतली. काका शेजारच्या स्टुलावर, हात गुडघ्यांवर.

"याला डाव्या कडेला आहे," काका म्हणाले. थेंब पडला. कड नरमली. बाईंनी लिहून घेतलं.

दुसरा दगड निघाला. काकांनी तो लांबूनच ओळखला.

"हा अखंड आहे. याला मी काही लावलेलं नाही."

बाईंनी वर पाहिलं नाही. बाटलीचं बूच काढलं, दगडावर थेंब टाकला, आणि दोघंही तो नरमतो का ते बघत थांबले.