मोरुत्सींची कढई

एम्रिसने आपल्या जुन्या जीन्सचा एक पाय कापला, त्याच्या खालच्या तोंडाला सुतळीने गाठ मारली, तो शेडच्या तुळईला टांगला आणि वरून डब्यातलं तेल ओतायला सुरुवात केली. तेल कापडातून थेंबथेंब बादलीत उतरू लागलं. माशांवरच्या पिठाचे जळके कण आणि तळाचा गाळ, सगळं वरच अडकत होतं. शेडभर चिप्सचा वास भरला होता.

दाराला टेकून ग्विलिम हा उद्योग बघत होता.

"अंगावर होती तेव्हा या पँटने एवढं काम केलं नव्हतं," तो म्हणाला.

"तुझ्या पँटने तरी कुठे केलं?"

"आठवड्याला किती लागतं रे हे?"

"चाळीस लिटर. कधी जास्तच."

"आणि सगळं लुइसाच्या दुकानातलं?"

"सगळं."

ग्विलिम ओठ हलवत काहीतरी हिशेब करत निघून गेला. कोळशाची खाण चालू होती तेव्हा तो तिथल्या वजनकाट्यावर असायचा. खाण बंद पडून पस्तीस वर्षं झाली, पण जे दिसेल ते मोजायची त्याची खोड काही गेली नाही.

आमच्या खोऱ्यातला वृद्धाश्रम बंद झाला आणि एम्रिसच्या बायकोला, मेन्नाला, डोंगरापलीकडच्या आश्रमात हलवलं, तेव्हापासून हे सगळं सुरू झालं. चाळीस मिनिटांचा रस्ता. तिला रोज दुपारी स्वतःच्या हाताने भरवायचं, असा एम्रिसचा नेम होता. नेम कसला, गरजच होती. तो गेला नाही की मेन्ना तोंड घट्ट मिटून बसायची आणि नर्सबाई चमचा घेऊन हात टेकायच्या. पण खाणीतल्या फिटरच्या पेन्शनीत रोजचं डिझेल बसेना. एक दिवसाआड जाऊन बघितलं, तर महिन्याभरात तिच्या मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं.

मग त्याने आपल्या सव्वीस वर्षांच्या डिझेल गाडीला हात घातला. स्टेपनीच्या जागी दुसरी टाकी बसवली. रेडिएटरचं गरम पाणी त्या टाकीतून फिरवणारी तांब्याची नळी वळवली, म्हणजे तेल तापून पातळ होईल. गाडी डिझेलवर सुरू करायची, दहा मिनिटांनी तेलावर घ्यायची, आणि थांबायच्या आधी पुन्हा डिझेलवर आणायची, नाहीतर गार तेल नळ्यांत घट्ट होऊन बसतं. त्यासाठी स्टिअरिंगजवळ जे बटण लावलं होतं ते मेन्नाच्या जुन्या मिक्सरचं होतं. त्यावर एक, दोन, तीन असे वेगही लिहिलेले होते.

तेल दिलं लुइसा मोरुत्सीने. गावातलं तळलेले मासे आणि चिप्स, म्हणजे बटाट्याचे जाड तळलेले काप, विकणारं दुकान तिचं. आजोबा इटलीहून आले, त्यांच्यानंतर बाप आल्दो, आणि आल्दो गेल्यावर ती एकटी. 'मोरुत्सी: नव्वद वर्षं फक्त गोमांसाच्या चरबीत' अशी पाटी दारावर होती आणि गावाला तिचा अभिमान होता. शेजारच्या गावातली दुकानं तेलावर गेली तेव्हा आमच्याकडची माणसं त्यांची कीव करायची.

"एम्रिसकाका, चरबी तुमच्या गाडीला चालायची नाही," लुइसा तेव्हा म्हणाली होती. "गार झाली की मेणबत्तीसारखी थिजते. पण मागची लहान कढई आहे ना, ती मी मांस न खाणाऱ्यांसाठी तेलाची ठेवते. त्यातलं घेऊन जा. दर सोमवारी डबे मागच्या अंगणात काढून ठेवीन. पैशांचं नाव काढायचं नाही."

त्याला कारण होतं. मेन्नाने त्या दुकानात आल्दोच्या हाताखाली बावीस वर्षं तळण केलं होतं. लुइसाला खोक्यावर उभं करून पीठ कालवायला शिकवलं तेही तिनेच. मेन्नाला पलीकडे हलवल्यावर लुइसा दोनदा भेटायला गेली होती. दुसऱ्या वेळी मेन्नाने तिला नर्स समजून चहा मागितला. लुइसाने चहा आणून दिला, आणि गाडीतळावर येऊन रडली. त्यानंतर ती गेली नव्हती, आणि एम्रिसनेही कधी विषय काढला नाही.

मेन्नाचे दिवस सारखे नसत. बऱ्या दिवशी एम्रिस आत आला की ती नाक उडवून म्हणायची, "मला टाकून चिप्स खाऊन आलास ना?" गाडीचा वास त्याच्या कोटात मुरला होता, त्याला तो काय करणार! इतर दिवशी ती त्याला अहोजाहो करायची आणि बसायला खुर्ची दाखवायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्याने दुकान उघडताच चिप्सचं पुडकं घेतलं, कोटाच्या आत छातीशी धरून डोंगर ओलांडला आणि तिच्या पुढ्यात उघडलं. मेन्नाने एक चिप उचलली, वास घेतला, तोंडात घातली आणि बराच वेळ चघळली.

"ही चरबीतली नाही," ती म्हणाली.

"अगं, लुइसाकडची आहे. मोरुत्सी."

"तेलातली आहे."

"चरबीतलीच आहे, मेन्ना."

"मला शिकवू नका. बावीस वर्षं तळलंय मी."

खिडकीशी उभ्या असलेल्या नर्सबाईंनी एम्रिसकडे बघून मायेने मान हलवली. आधी नावं गेली, मग घरचा पत्ता. आता चवही गेली. एम्रिसने उरलेल्या चिप्स एकेक करून तिला भरवल्या. परतताना घाटात त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं.

दोन दिवसांनी, सोमवारी, तो दुकानाच्या मागच्या अंगणात गेला तर डबे नव्हते. लुइसाच्या मुलीला कळा सुरू झाल्या म्हणून ती रविवारी पहाटेच कार्डिफला गेली होती. मागच्या दाराची किल्ली कुंडीखाली असते हे गावातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. आपणच लहान कढई उपसावी, तेवढंच आल्यावर तिचं काम कमी, असा विचार करून एम्रिस आत शिरला.

दुकान गारठलं होतं. तोंडातून वाफ निघत होती. त्याने लहान कढईचं झाकण उचललं. आत कागदी पिशव्यांचे गठ्ठे होते, नाताळची दिव्यांची माळ होती, आणि तळाशी धूळ.

त्याने झाकण परत ठेवलं. मग मोठ्या कढईपाशी गेला. शनिवार रात्रीपासून तिच्याखाली आच नव्हती. अशा थंडीत चरबीचा पांढरा दगड होतो, वर सुरी आपटली तरी नुसता ओरखडा उठतो. बायकोने सांगितलेलं त्याला सगळं ठाऊक होतं. बावीस वर्षं ती सोमवारी सकाळी हीच चरबी फोडायला यायची. त्याने झाकण सरकवलं आणि बोट टेकवलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

बोट रुमालाला पुसून, झाकण होतं तसं ठेवून, किल्ली कुंडीखाली सारून तो बाहेर आला. मूळ टाकीतल्या डिझेलवर त्याने डोंगर ओलांडला. कधी नव्हे इतक्या जोरात.

मेन्ना खिडकीशी बसली होती. समोर मटण आणि कांद्याच्या पातीचं सूप निवत होतं. एम्रिसने कोटही न काढता चमचा उचलला.

"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "ती चरबी नव्हती. तेल होतं."

मेन्नाने त्याच्याकडे सावकाश बघितलं.

"आल्दो गेला वाटतं," ती म्हणाली.

"अकरा वर्षं झाली."

"मग पोर तळते?"

"हो."

"एकटीच?"

"एकटीच."

मेन्नाने चमचा त्याच्या हातातून काढून घेतला आणि बशीत ठेवला. मग पुढे वाकून, कोणी ऐकत नाही ना हे बघून म्हणाली, "तुम्ही चांगल्या घरचे दिसता. कुणाजवळ बोलू नका. चरबी महागली असेल. पोरीला दुकान चालवायचंय."

"नाही बोलणार," एम्रिस म्हणाला. त्याने चमचा पुन्हा उचलला. त्या दिवशी तिने सूप संपवलं.

शुक्रवारी संध्याकाळी दुकानात नेहमीसारखी दारापर्यंत रांग होती. लुइसा आजी होऊन परतली होती. काचेवर बाळाचा फोटो चिकटवला होता. मंगळवारीच तिने डबे अंगणात काढून ठेवले होते. एम्रिस रांगेत पोचला तेव्हा त्याच्या पुढे ग्विलिम उभा होता, आणि त्याचा हिशेब पूर्ण झाला होता.

"मला एक कळत नाही," ग्विलिम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "या खोऱ्यात मांस न खाणारी माणसं किती? शाळेतली ती नवी बाई, आणि दुसरं कोणी असेल तर ते लपून आहे. मग त्या लहान कढईतून आठवड्याला चाळीस लिटर तेल निघतं कसं?"

रांगेतली दोन-तीन माणसं हसली. एक बाई मात्र हसली नाही. तिने मोठ्या कढईकडे बघितलं. लुइसाच्या हातातला झारा थांबला.

एम्रिस चॅपेलमध्ये डीकन होता, पाद्रीच्या खालोखाल मानाचा. पत्त्यांच्या डावातसुद्धा तो खोटं बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"लुइसाकडून एकच डबा मिळतो," तो म्हणाला. "बाकीचं डोंगरापलीकडच्या चिनी हॉटेलातलं."

"मला तर म्हणालास सगळं इथलंच!"

"फुकट देणाऱ्याचा पत्ता तुला सांगितला असता, तर दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तूच डबा घेऊन उभा असतास."

आता सगळी रांग हसली. ग्विलिमही हसला, कारण ते खरं होतं. आपलं पुडकं घेऊन तो गेला. मग पुढचे गेले. एम्रिस मुद्दाम मागे राहिला. दुकान रिकामं झालं तेव्हा लुइसाने त्याचा मासा कागदात गुंडाळला, पण पुडकं हातातच धरून ठेवलं.

"कधी कळलं?" तिने विचारलं.

"मला सोमवारी. बोट घालून बघितलं."

लुइसाने मान खाली घातली. "बाबा गेले आणि वर्षभरात चरबीचा भाव दुप्पट झाला. आज सांगीन, उद्या सांगीन... मग सगळे येऊन म्हणायला लागले, अगदी आल्दोच्या हातची चव."

"मेन्ना तसं म्हणाली नाही."

"म्हणजे?"

"शनिवारी तिने एक चिप खाल्ली आणि सांगितलं, ही चरबीतली नाही. मीच खुळा, विश्वास ठेवला नाही."

लुइसाने व्हिनेगरची बाटली उचलली, परत खाली ठेवली.

"मावशी म्हणाली?"

"आणि कुणाजवळ बोलू नका म्हणाली. पोरीला दुकान चालवायचंय म्हणाली."

लुइसाने ॲप्रनने तोंड पुसलं. ते पुसून होईना, तसं पुन्हा पुसलं. मग पुडकं त्याच्याकडे सरकवत, बाळाच्या फोटोकडे बघत तिने विचारलं, "रविवारी गाडीत जागा आहे?"

"जागा आहे. पण तिच्यासाठी तळून आणणार असशील, तर ती नावं ठेवणार."

"ठेवू दे," लुइसा म्हणाली.