भरल्या गाडीला आधी वाट

जुनी ट्रॉलीची लाईन बघून येतो, असं सांगून गोमाजी घरातून निघाला. खरं काय ते सून सोनालीला ठाऊक होतं. तिने पाण्याची बाटली हातात दिली. त्याची बायको येसूबाई रुसून माहेरी गेली होती, लाईनच्या दुसऱ्या टोकाच्या वाडीत. कारण म्हणाल तर तिच्या माहेरच्या तांदळाला गोमाजीने पाहुण्यांदेखत जाडाभरडा म्हटलं होतं. ती फोन घेत नव्हती आणि म्हाताऱ्याला जेवण गोड लागत नव्हतं. पण बायकोला आणायला जातो म्हणेल तर तो गोमाजी कसला.

वरंधच्या वरच्या अंगाला, दोन कड्यांमधून, एके काळी कोळशाची पोती वाहणारी ट्रॉली धावायची. तरुणपणी गोमाजी तिच्या ब्रेकवर असायचा. रूळ कधीच भंगारात गेले, एखादा तुकडा वाडीतल्या गोठ्याला आडवा लागलेला. उरली होती कड्याला धरून गेलेली सपाट वाट, खाली खळाळणारा ओढा, आणि ट्रॉली आली की अंग चोरून उभं राहायला कातळात खोदलेले कोनाडे. कारवी दाटली होती. एवढी देखणी जागा, आणि इतकी वर्षं आपण नुसता ब्रेक बघत बसलो, असं त्याला वाटलं. येसू बरोबर असती तर तिला बोलून दाखवलं असतं.

खिंडीच्या तोंडाशी त्याचे पाय आपोआप थांबले. इथून लाईन एकेरी. शिरण्याआधी हाक घालायची, पलीकडून उत्तर आलं तर रिकाम्याने थांबायचं आणि भरल्या गाडीला आधी सोडायचं, हा तेव्हाचा कायदा. दोन्ही वाड्यांतल्या पोराबाळांनाही तो पाठ होता. गोमाजीने सवयीने हाक घातली, "होऽऽ, रिकामी हाय."

"थांबा तितंच," पलीकडून आवाज आला. "भरलेली हाय."

तो आवाज त्याने हजारात ओळखला असता. गोमाजी मुकाट्याने कोनाड्यात शिरला. येसूबाई दमादमाने आली, डोक्यावर गाठोडं घेऊन.

"काय हाय त्यात?"

"तांदूळ. जाडाभरडा."

गोमाजीने गाठोडं उतरवून आपल्या डोक्यावर घेतलं. "चांगला असतो गो तुमच्याकडचा. तू नसलीस तर मला घास उतरत नाय."

"ह्ये सांगाया इतवर आलाव?"

"छ्या. लाईन बघाया आलो होतो."

"मीबी," येसूबाई म्हणाली. "चला, आता भरलेली गाडी तुमची. व्हा पुढं."