विठाची परवानगी

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मॅडम," मीना म्हणाली. "देवाशप्पथ. खोलीतल्या मुलींनाही नाही."

शलाकाने मान हलवली. अंबरनाथच्या त्या छोट्या सरकारी कार्यालयात तिचं काम एवढंच होतं: एका दवाखान्याकडून दुसरीकडे कुणाची नोंद गेली, तर ती त्या माणसाला विचारून गेली का, हे पाहणं. नोंदीत काय लिहिलंय ते तिला दिसत नसे. कुणी मागितलं आणि कुणी हो म्हटलं, तेवढंच दिसे.

मीनाला मागे टीबी झाला होता. औषधं पूर्ण घेतली, बरी झाली. कारखान्यांना कामगार पुरवणाऱ्या एका एजन्सीने तिला पॅकिंगच्या कामाला घेतलं, उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका लॅबमध्ये तपासणीला धाडलं आणि मग गेटवरूनच परत पाठवलं. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "टीबीवाली है, दूर से बात कर." बदलापूरला शिरगावात ती ज्या मुलींबरोबर राहत होती, त्या आता तिचा पेला वेगळा ठेवत.

शलाकाने संगणकावर पाहिलं. लॅबने मीनाचे जुने रिपोर्ट मागितले होते. परवानगी लगेच मिळाली होती.

"तुमचं आरोग्य खातं दुसऱ्याच नंबरला जोडलंय. विठा कैलास मेंगाळ. या कोण?"

"आई माझी."

"मग त्यांनीच हो म्हटलंय."

मीनाचा टेबलावरचा हात मागे गेला. "आई गेली, मॅडम. मागच्या श्रावणात. पान लागलं तिला." मग शहरातल्या बाईला कळावं म्हणून म्हणाली, "साप चावला."

पलीकडच्या टेबलावरून जितेश म्हणाला, "नंबर दुसऱ्या कुणाला गेला असेल. कंपन्या फिरवतात ना, मॅडम. मला अजून कुणा पिंकीसाठी फोन येतात."

नंबर फिरवलेला नव्हता. उलट, त्या एका नंबराला मीनाच्या अख्ख्या पाड्याची खाती जोडलेली होती. विठा गेल्यापासून, अगदी पहिली मागणी सोडली तर, ज्याने ज्याने विचारलं, त्याला होकार गेला होता. दवाखाने, लॅब, विमा विकणारे. नकार एकदाही नाही. शलाका विज्ञान शिकलेली होती. शंका आली की करून पाहायचं, ही तिची सवय. तिने कार्यालयाच्या नावाने खुद्द विठाची नोंद पाहण्याची परवानगी मागितली.

जितेशचा चहाचा कप हातातच राहिला. पडद्यावर अक्षरं उमटली.

'विठा कैलास मेंगाळ यांनी परवानगी दिली आहे.'

मीनाने ओढणी तोंडाशी धरली. "खालच्या गावात म्हणतात," ती हळूच म्हणाली, "आई अजून पाड्यावरच्या ऐनाच्या झाडाखाली बसते. निळ्या लुगड्यात. त्या भीतीनंच मी तेराव्यानंतर गेले नाही. बाबांपुढे विषय काढला की ते फोन ठेवून देतात."

विठाची नोंद आता उघडी होती. शलाकाने ती वाचली, आणि पुन्हा एकदा वाचली.

मोबाइल कुणाकडे आहे ते पाहायला दोघी निघाल्या. पाडा बारवी धरणाच्या मागे, डोंगराच्या कुशीत. रिक्षा सोडल्यावर बराच चढ होता. वाटभर मीना बोलत होती. जो कुणी असेल त्याला तोंडावर विचारणार, मी तुझं काय वाकडं केलं होतं? ऐनाचं झाड दिसलं तशी ती शलाकाच्या मागे सरकली.

बुंध्याला एक कापडी पिशवी टांगली होती. झाडाखाली एक बाई पाठमोरी बसली होती. डोईवर निळा पदर.

शलाकाचेही पाय थबकले. तेवढ्यात पिशवीत टिंग वाजलं. बाईचा हात वर गेला, मोबाइल निघाला, त्यावर अंगठा टेकला, मोबाइल परत आत गेला. कोंबडी हाकलावी इतक्या सहज.

"आजी?" मीना म्हणाली.

विठाची सासू भिकी वळली. "आलीस गं बाय! लय वाळलीस. त्या बदलापुरात खायाला घालत्यात का नाय?"

"हे लुगडं आईचं."

"मग टाकायचं का? फाटंस्तोवर नेसनार." तिने शलाकाला खुणेनेच दगडावर बसवलं. "सरकारी बाई का? बसा. हितं खुर्ची नाय."

विठा गावची आशाताई होती. पाड्यात तेव्हा मोबाइल तिचा एकटीचा, म्हणून सगळ्यांची खाती तिने आपल्याच नंबरावर काढली. आणि रेंज फक्त या ऐनापाशी, म्हणून दिवसा मोबाइल झाडालाच टांगलेला. टिंग ऐकलं की येणाऱ्याजाणाऱ्याने विठाला हाक मारायची, हा पाड्याचा रिवाज.

"त्या दिसाला माज्या कैलासनं तिला झोळीत घालून खाली जीपपतोर नेली," भिकी म्हणाली. "मोबाइल झाडालाच ऱ्हायला. मी हितं बसून वाट बघत व्हते. टिंग वाजलं. परत वाजलं. मला काय कळतंय त्यातलं? मी हात नाय लावला. मागनं तिला आणली ती तशी. शेजारची पोरगी मोबाइल वाचून म्हनली, आजी, दवाखाना विचारत व्हता, विठाचे कागद बघू का. कुनी हो म्हनलंच नाय."

तिने बुंध्यावर हात ठेवला.

"तवापासून हितनं हालत नाय मी. हिरवं दाबायचं, एवढं शिकले. कैलास रिचार्ज मारतो. नाय मारला तर मी जेवत नाय. कुनाचा जीव अडकला आसंल, तर तो माज्यापायी नको अडकाय."

मीना आजीशेजारी जमिनीवर बसली. वाटेत घोकलेला प्रश्न तिने विचारला नाही.

शलाका जे वाचून आली होती ते आता सांगणं भाग होतं. "आजी, जीव वाचवायला डॉक्टरला परवानगी लागत नाही. विठाताई गेल्या, तसं डॉक्टरनं लिहिलं, आणि त्यानंतर ते विचारणं आलं. दवाखान्याच्या कुणा कारकुनाला कागद पुरे करायचे होते. तुम्ही हिरवं दाबलं असतं तरी काही झालं नसतं."

तिला वाटलं होतं, म्हातारीचं ओझं उतरेल.

भिकी पायाशी पडलेलं पान चुरत राहिली. "मग मी बसले कशापायी?" ती म्हणाली. "इतकं दीस विचारत कोन व्हतं?"

टिंग वाजलं. तिचा हात उठला आणि मध्येच थांबला.

मीनाने मोबाइल काढून वाचला. तीच लॅब. "पाड्यातल्या सदूदादाचे रिपोर्ट मागतायत. तोही त्या एजन्सीत गेलेला दिसतोय." तिने आजीचा अंगठा धरून पडद्याजवळ नेला. "हे लाल बघ. नको म्हणायचं असलं की हे."

"आनि तो मेला तर?"

"नाही मरत, आजी."

अंगठा खाली जाईना. "तूच दाब, बाय. माज्यानं नाय व्हायाचं."

मीनाने दाबलं. आपण का आलो होतो, ते तिने आजीला सांगितलं नाही.

"हा नंबर बंद करावा लागेल," शलाका म्हणाली. "खाती ज्याची त्याच्या नावावर होतील."

भिकीने मोबाइल तिच्या ओंजळीत ठेवला. "न्या. पिशवी तेवढी ऱ्हाऊ द्या."

उतरताना मीनाने विचारलं, "तुमच्या अहवालात कुणाचं नाव जाईल?"

"नंबर मयत व्यक्तीचा होता. तेवढंच लिहीन."

लॅबला आणि एजन्सीला नोटिसा गेल्या. मीनाची माहिती पुसून टाकल्याचं त्यांनी कळवलं. कामावर बोलावलं नाही.

नंबर बंद झाला, त्या दिवशी कैलासने कार्यालयात फोन केला. आवाज दबका होता. "मॅडम, आई अजून तिथंच बसते. मधेच हात वर करते, पिशवीत घालते. वाजलं म्हणते. तुम्हाला काही करता येईल का?"

"बघते," शलाका म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने नंबर खरंच बंद झालाय याची नियमाप्रमाणे खात्री करून घेतली: विठाची नोंद पाहण्याची परवानगी पुन्हा मागितली.

'उत्तराची वाट पाहत आहोत.'

"झालं ना बंद?" जितेशने विचारलं. "आता कोण देणार परवानगी?"

"कुणी नाही," शलाका म्हणाली. पडद्यावरची खिडकी बंद करायला तिने माउसवर हात ठेवला, पण ती बंद केली नाही; उत्तर येतंय का ते बघत बसली.