मालिकेतलं शहाणपण

“बाबा, जरा हसून दाखवा.”

“आता हे काय नवीन?” सिस्टर स्वयंपाकघरातून ओरडल्या. गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. उभा जन्म लहान मुलांच्या वॉर्डात गेला होता. आजही ड्यूटीवरून येऊन त्या उभ्या उभ्या भाजी चिरत होत्या, आणि लेक मात्र त्या हॉस्पिटलच्या मालिकेला चिकटलेली. कॉलेजात दोन विषय उडाले होते. मालिकेतल्या डॉक्टरांची भांडणं तेवढी तोंडपाठ. “डोक्याचा भुसा करून घे,” असं त्या रोज म्हणत.

“आई, इकडे ये. आधी ये!”

सिस्टर सुरी हातात घेऊनच बाहेर आल्या. नवरा खुर्चीत बसला होता. दिवसभर लोकांना गाडी शिकवायचा धंदा, त्यामुळे तोंडाचा पट्टा अखंड चालू. आज गप्प आहेत म्हणजे दमले असतील, एवढंच सिस्टरना मघाशी वाटलं होतं. आता ते हसले, पण अर्ध्याच तोंडाने. लेकीने दोन्ही हात वर करायला लावले. उजवा आपोआप खाली आला.

“झटका आहे हा, मेंदूचा. ॲम्ब्युलन्स बोलावते मी. आणि आई, पाणी नको पाजूस त्यांना, ठसका लागेल.”

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, “अगदी वेळेत आणलंत. ओळखलं कुणी?”

सिस्टरनी लेकीकडे बोट दाखवलं. ऊर भरून आला, आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचलं. मला कसं दिसलं नाही?

जीव वाचला. वाचा मात्र परतली नाही.

आठवडा उलटला तशी लेक डॉक्टरांवरच उखडली. “वेळेत आणलं ना? इंजेक्शन दिलं ना? मग बोलत का नाहीत ते? तिथे तर पेशंट चालत घरी जातो!”

“तिथे म्हणजे कुठे?” डॉक्टरांनी विचारलं.

“मालिकेत,” तिच्या तोंडून निघून गेलं. सिस्टरना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही पोरगी हुशार म्हणावी की खुळी? ज्या मालिकेने बापाला वाचवलं, त्याच मालिकेने तिला हे असलं काहीतरी पढवून ठेवलं होतं. कुणाचे आभार मानायचे आणि कुणावर चिडायचं, काही उमगेना.

घरी आणल्यावर शब्द थोडे परतले, पण भलतेच. एका दुपारी ते पेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, “किल्ली.”

लेक पाणी आणायला उठली. सिस्टरनी तिला अडवलं. “थांब. स्पीच थेरपिस्ट काय म्हणाल्या? बाबांकडून शब्द म्हणवून घ्यायचा. अहो, म्हणा बघू, पा-णी.”

“किल्ली,” ते म्हणाले. डोळे भरून आले.

“आई, आपल्याला कळलं ना? मग कशाला छळतेस?”

“छळत नाही गं. असंच सुधारतं ते.”

“आणि नाही सुधारलं तर?”

लेक पेला धरून उभी होती. शेवटी सिस्टरनीच तो तिच्या हातातून घेतला, भरला, आणि त्यांच्या डाव्या हातात दिला.

ते हळूहळू प्यायले. रिकामा पेला पुढे करून, या वेळी जरा मोठ्याने, पुन्हा म्हणाले, “किल्ली.”

दोघींचे हात एकदमच पेल्याकडे गेले.