माझ्या सुताराची मुलाखत

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. नवलाख उंबरे गावाजवळ एक कारखाना आहे. तिथे मोठमोठी यंत्रे पाठवण्यासाठी लाकडी पेट्या तयार होतात. त्या कारखान्याच्या ऑफिसात, भरतीच्या साहेबांच्या टेबलासमोर माझी जागा आहे. साहेबांची खुर्ची गोल फिरते, वर-खाली होते आणि दर वर्षी बिघडते. मला असले नखरे जमत नाहीत. नोकरी मागायला आलेला माणूस माझ्यावर बसतो, आणि तो किती घाबरला आहे हे साहेबांच्या आधी मला कळते.

मित्रांनो, माझा जन्म तुरुंगात झाला. दचकू नका. तुरुंगातही सुतारकामाचा कारखाना असतो. शिक्षा भोगणारी माणसे तिथे टेबले, कपाटे, खुर्च्या करतात. मला कैलासने केले.

कैलास मावळातल्या कुसगावचा. पर्यटकांच्या रस्त्याला त्याची भजीची गाडी होती. एका रविवारी कुणीतरी त्याच्या गाडीसमोर मोटार लावली. शब्दाने शब्द वाढला आणि कैलासने हातातला लोखंडी झारा मारला. समोरच्या माणसाचा एक डोळा गेला. कैलासला तीन वर्षांची शिक्षा झाली. तो निर्दोष होता असे मी तुम्हाला सांगणार नाही. तो स्वतःही तसे कधी म्हणाला नाही. "मोटार लावन्यावरनं, चाचा. येवढ्याशा गोष्टीपायी मानसाचा डोळा घेतला मी," असे तो काम करता करता मध्येच थांबून म्हणायचा.

हे चाचा म्हणजे अल्लाउद्दीन. तेही मावळातलेच, पिढीजात सुतार, आणि शिक्षा लांबलचक. कैलासला रंधा धरायला त्यांनी शिकवले. त्यांची एक शिस्त होती. खुर्चीची वरची बाजू ते बघायचेच नाहीत. खालून हात घालायचे.

"दिसतं तितं कुनीबी गुळगुळीत करतंय. बसनाऱ्याची बोटं बैठकीच्या खाली जात्यात. तितं लाकडाची कूस टोचली तर तुजं काम वाया."

म्हणून माझ्या बैठकीची खालची बाजू कैलासने तीन दिवस घासली. तिथे लाकडाची एक गाठ निखळली होती. त्या जागी त्याने आंब्याच्या पानाच्या आकाराचा तुकडा इतका नेमका बसवला की बोटाला सांधा लागत नाही. चाचांनी हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता तुला भाईर कुनीबी काम दील, बाळा."

त्या दोघांनाही ते खरे वाटले. मीही नवीन होते, मलाही वाटले.

पुढे तुरुंगातल्या मालाच्या दिवाळी विक्रीत या पेट्यांच्या कारखान्याच्या शेठनी मला विकत आणले. त्यांना माझे भारी कौतुक! पाहुणा आला की मला पुढे ओढायचे आणि म्हणायचे, "बघा, ही कैद्यांनी केलेली आहे. बाजारात मिळणार नाही असलं काम." पाहुणे माझ्या पाठीवर थाप मारायचे. मी फुगून जायचे. कौतुकाची हौस कुणाला नसते?

दोनेक वर्षांत ते कौतुक सरले. माझ्यावर चहा सांडला. कुणी मागच्या दोन पायांवर मला झुलवले आणि एक पाय सैल झाला. मी डुगडुगू लागले. तरी नोकरी मागणारे येतच होते. त्यांना एक फॉर्म भरावा लागतो. नाव, गाव, शिक्षण, अनुभव, आणि अगदी शेवटच्या रकान्यात एक प्रश्न: आपल्यावर कधी गुन्हा शाबीत झाला आहे का? तिथे 'हो' लिहिणारी माणसे मी मोजकीच पाहिली. ती दोन मिनिटांत उठून जायची.

गेल्या वर्षी एका सकाळी ऑफिस उघडायच्या वेळी एक माणूस आला आणि माझ्यावर अवघडून बसला. बसल्या बसल्या त्याचे दोन्ही हात बैठकीखाली गेले. एक बोट त्या पानापाशी आले आणि थांबले. तो माझा कैलास होता! तो खाली वाकला, पुन्हा वाकला. मग त्याने हळूच माझ्या हातावर हात ठेवला. मला किती आनंद झाला ते कसे सांगू? घरचे माणूस भेटावे तसे झाले मला.

ऑफिस झाडणाऱ्या शालूबाईंनी त्याला फॉर्म दिला. तो शेवटच्या रकान्यापाशी अडला.

"काय झालं, भाऊ? लिवता येत न्हाई का?"

"येतंय, मावशी. चार कंपन्यांत खरं लिवलं. चारी ठिकाणी गेटवरनंच म्हागारी धाडलं." त्याने मान खाली घालून सगळे सांगितले. बायको सविता कुसगावात हॉटेलची भांडी घासते, हेही सांगितले. "तिनं तीन वरसं वाट बघितली. आता ती वाट बघते, पर बोलत न्हाई."

शालूबाईंचा जीव कळवळला. त्या इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "मंग 'न्हाई' लिव की. कोन बगायला येतंय?"

त्याने 'नाही' लिहिले.

भरतीचे साहेब ओंकार सर. तरुण, मनाने वाईट नाहीत. त्यांनी कैलासला आत कारखान्यात नेले आणि एक पेटी करायला सांगितली. तासाभराने दोघे परत आले तेव्हा सरांचा चेहरा खुलला होता. "मुकादम म्हणतात, असा हात बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. सोमवारपासून या. कायम करायचं सहा महिन्यांनी बघू."

कैलास हात जोडून नुसता हसत राहिला. सविताला हे कसे सांगायचे, हे तो मनात जुळवत असणार. सगळे झाले होते, मित्रांनो. त्याने उठून जायचे तेवढे राहिले होते.

तेवढ्यात सर कौतुकाने म्हणाले, "पेट्या ठीक आहेत. पण फर्निचरही जमेल का? तुम्ही बसलात ती खुर्ची बघा. कैद्यांनी केलेली आहे. असं काम जमेल?"

मी मनातल्या मनात ओरडले, गप्प बस, कैलास! पण त्याने माझ्या बैठकीखाली हात घातला. तुरुंगात केलेल्या कामाचे बाहेर असे कौतुक होते, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"जमंल म्हंजे? सायेब, ह्यी मीच केलीय! हितं खाली हात लावून बगा. ह्ये पान मी बसिवलंय. तीन दिस घासलीय!"

सरांनी हात लावला नाही. त्यांनी फॉर्म उचलला आणि शेवटचा रकाना पुन्हा वाचला. कैलासचे हसू तसेच चेहऱ्यावर राहिले आणि मग हळूहळू गेले.

"इथे तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"व्हय, सायेब."

"खोटं लिहिलंत."

"व्हय. खरं लिवलं असतं तर घेतलं असतं का?"

सरांनी फॉर्म खाली ठेवला. मग म्हणाले, "नाही. आपण ज्यांना माल देतो त्यांचीच अट आहे. गुन्हा शाबीत झालेला माणूस कामावर घ्यायचा नाही. माझ्या हातात नाही हो."

"मंग तितं काय लिवायचं, सायेब? तुमीच सांगा. मी तसं लिवतो."

सरांनी फॉर्म उलटा केला. दाराशी उभ्या शालूबाईंनी पदर तोंडाला लावला.

कैलास उठला तशी मी डुगडुगले. त्याच्या ते लगेच ध्यानात आले. "पाय ढिला झालाय हिचा," तो म्हणाला आणि सरांच्या होकाराची वाट न बघता त्याने मला उलटी केली. आतून एक लाकडाची ढलपी, पटाशी आणि हातोडा मागून घेतला. ढलपी तासून पाचर केली, सांध्यात ठोकली, वरचा भाग कापून बोटाने चाचपला. मग मला सरळ उभी करून त्याने आपल्या बाहीने माझी धूळ पुसली.

सर ओशाळून म्हणाले, "बसून बघा ना, आता हलते का."

"नगं, सायेब," कैलास म्हणाला. "हिच्यावर कामाला आलेली मानसं बसत्यात."

आणि तो गेला. मी पायांवर घट्ट उभी होते आणि मला एक पाऊलही टाकता आले नाही. असे दुःख मला पूर्वी कधी झाले नव्हते. त्याला बुडवले ते माझ्याच कौतुकाने. माझ्याऐवजी तिथे प्लास्टिकची खुर्ची असती, तर कैलास सोमवारी कामावर आला असता.

सोमवारी दुसरा सुतार आला. चांगला माणूस आहे, त्याच्यावर माझा राग नाही. तो निवांत टेकून बसला आणि मी जराही हलले नाही. शालूबाई हल्ली मला पुसताना खालूनही फडके फिरवतात. त्या पानापाशी त्यांचा हात थांबतो. "मीच सांगितलं गं त्याला," एवढेच म्हणतात.

मित्रांनो, खुर्ची झुलवू नका, तिच्यावर चहा सांडू नका, हे तुम्हाला घरी सांगतातच. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी त्या टेबलापलीकडे बसेल. एखादा माणूस फॉर्मच्या शेवटच्या रकान्यापाशी अडेल. त्याने जे केले ते जरूर विचारा, ते लपवून चालणार नाही. पण त्यानंतर तू काय शिकलास, हेही विचारा. आणि त्याचे सांगून होईपर्यंत त्याला माझ्यावर बसू द्या.