गुळाच्या वखारीवरचा विक्या

चैत्रातली दुपार, तापलेला पत्रा आणि खालून वर चढणारा गुळाचा दाट, उष्ण गंध. विक्याची आठवण मला नेहमी याच वाटेनं येते. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या वखारीच्या माळ्यावर आमचा चौघांचा रॉक बँड सराव करायचा. मी बेस गिटार घेऊन कोपऱ्यात, आणि मधोमध, अंगात बनियन, दंडावर घामाचे ओघळ, ड्रमसेटमागं विक्रम ऊर्फ विक्या. त्यानं पहिला ठोका दिला की पत्र्याला थरथर सुटायची आणि खालचे हमाल ओरडायचे, ‘‘आरं ए, माळा पाडतोस का काय!’’ तो हसायचा आणि आणखी जोरात वाजवायचा.

तालमीतल्या हलगीवर त्याचा हात घडला होता. कुस्तीच्या फडात हलगी मल्लाला उसंत देत नाही. तोच अधीर, डिवचणारा उन्माद त्यानं या विलायती ड्रमवर आणला. वाजवताना त्याचे डोळे मिटलेले असायचे, मान किंचित डावीकडं कललेली, आणि चेहऱ्यावर अशी निरागस शांतता उतरायची, की याच माणसानं काल भर चौकात कुणाचं तरी डोकं फोडलंय यावर विश्वास बसू नये.

पण वाजवणं थांबलं की त्याला काही सुचायचं नाही. ती निःशब्द पोकळी तो दारूनं भरायचा. गारगोटीच्या रस्त्यावर हात सोडून बुलेट हाणायचा, कार्यक्रमाआधी प्यायचा, नंतर प्यायचा, आणि कार्यक्रम नसला की त्या दुःखानं प्यायचा. लोक म्हणायचे, ‘‘विषय हार्ड हाय गड्याचा!’’ त्या कौतुकाचा मला आजही संताप येतो. घराला आग लागलेली असताना उजेडाची तारीफ करावी, तसलं ते कौतुक होतं. मेल्यांनो, एकानं तरी बादलीभर पाणी आणायचं होतं!

घरी फक्त आई. आम्ही तिला काकी म्हणायचो. गंगावेशीत तिची लहानशी खानावळ होती आणि मनात एकच श्रद्धा: पोरगं वाया गेलं असलं, तरी त्याला जगायचंय. ‘‘आतनं लई हौस हाय रं त्येला जगायची,’’ भाकरी थापता थापता ती मला सांगायची, ‘‘म्हणून तर एवढा दंगा करतंय. लगीन झालं की बसंल ठिकाणावर.’’ पुढं त्याला कावीळ झाली, डॉक्टरांनी दारूचा थेंबही नको म्हणून बजावलं, त्यानं ऐकलं नाही. तरी तिची श्रद्धा ढळली नाही. तो मात्र खाटेवर बसून खिडकीतल्या उन्हाकडं बघत राहायचा. ज्या बोटांना जन्मात कधी स्वस्थ बसता आलं नाही, ती मांडीवर निश्चल पडलेली असायची. एकदा मी चिडून विचारलं, ‘‘मरायचंय काय तुला?’’ तो म्हणाला, ‘‘तसं काय न्हाय, भावा. कटाळा आलाय.’’ श्रावण सरायच्या आत तो गेला. तिशीही गाठली नव्हती.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या काठी ही गर्दी लोटली. कावळा शिवणार नाही, याची प्रत्येकाला खात्री होती; एवढं तरणं पोर, केवढ्या इच्छा राहिल्या असतील! कावळा अडला की मृताला शब्द द्यायचा असतो, तुझं राहिलेलं आम्ही पुरं करू म्हणून. त्यामुळं जो तो आपापला शब्द घेऊन आला होता. आपल्या बँडची गाणी रेकॉर्ड करू, हे मी मनात घोळवत होतो. काकीला सांभाळू, असं दुसरा म्हणणार होता. निवदाच्या पानाशेजारी कुणीतरी हळूच दारूची बाटली ठेवली. काकीनं ती उचलून लांब भिरकावली. तिला कावळा यायलाच नको होता. पोराचा जीव मागं अडकलाय, निदान तिच्यात अडकलाय, एवढं तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

पान ठेवून माणसं मागं सरतात न सरतात, तोच कावळा उतरला. घिरटी नाही, संशय नाही. सरळ भातात चोच घातली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भावकीतले एक म्हातारे म्हणाले, ‘‘समाधानानं गेलं बघा पोरगं. कशात म्हणून जीव ठेवला न्हाय.’’

काकी खालीच बसून राहिली. मग माझं मनगट धरून हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘कशातच न्हवता रं जीव त्येचा? माझ्यातबी?’’

पाखराला काय कळतंय, असं म्हणता आलं असतं. पण तिचा पाखरावर विश्वास होता आणि, खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझाही होता.

काळ दुःखावर खपली धरतो म्हणतात, धरत असेल. पण गेलेल्या माणसाची एखादी अपुरी इच्छा हाती असली, तरच मागं उरलेल्यांना त्याच्यासाठी काही करता येतं, आणि त्या करण्यातच तो थोडा उरतो. काकी ती इच्छा अजून शोधते आहे. मी खानावळीत गेलो की ताट वाढताना विचारते, ‘‘तुला तर काय बोलला आसंल की?’’ मी आठवत राहतो. तो मला काहीच बोलला नव्हता.